अग्निवर्षा उशिरा पडली नव्हती

कपाशीची बोंडे उकलू लागली की आमच्या बोरी अरबच्या हवेला एक कोरडा, किंचित तुरट वास येतो. त्यात पिकल्या पानांची धूळ असते, सरकीचा तेलकटपणा असतो, आणि पहाटेच्या दवात भिजून दुपारी सुकलेल्या कापसाची ऊब असते. ज्याने हा वास शेतात उभे राहून घेतला आहे त्याला तो सांगावा लागत नाही, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. परवा सकाळी तो माझ्या खिडकीतून आत आला. त्याच सकाळी माझ्या सुनेने, सुषमाने, मला तिच्या मोबाइलवर उमरखेडच्या मंगेशने केलेला एक व्हिडिओ दाखवला. एरवी या वासाने मी प्रसन्न होतो. परवा संतापलो. तो संताप अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

व्हिडिओ एका खेळाविषयी आहे. अनेकांनी आपापल्या घरी संगणकापुढे बसून एकत्र खेळायचा हा खेळ आहे आणि त्यात मी जादूगार असतो. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने हे छापील लेखात सांगावे काय, असा प्रश्न काहींना पडेल. त्यांनी तो स्वतःपाशी ठेवावा. मंगेशचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि तो आमच्याच टोळीत धनुर्धारी म्हणून खेळतो. शत्रूंचा मोठा कळप चालून आला असता जादूगाराने कोणता मंत्र आधी टाकावा, कोणता नंतर, आणि सर्वांत मोठा मंत्र नेमका केव्हा, याचा क्रम त्याने व्हिडिओत समजावून सांगितला आहे. खेळणारे या क्रमाला रोटेशन म्हणतात. क्रम अचूक सांगितला आहे. सांगणारच, कारण तो माझा आहे. त्याला 'उमरखेड रोटेशन' हे नाव दिले, तेही मी एक वेळ गिळले असते. पण पुढे तो हसत हसत म्हणतो, "हे आमाले सापडलं कसं, माहीत हाय का? आमच्या ग्रुपमंधी एक आजोबा हायेत. हात थरथरते त्यायचा. बटण दाबाले उशीर झाला, अन् तोच उशीर कामी आला." खाली लोकांनी लाल बदाम टाकले आहेत. कोणी लिहिले आहे, किती गोड आजोबा.

मी गोड नाही. नोकरीची सगळी वर्षे मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतला मूठभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांमध्ये ताणून त्याचा धागा पाहायचा आणि प्रत सांगायची. प्रत ऐकून शेतकरी भांडायला उठत, व्यापारी उठत, क्वचित साहेबही उठत. सांगितलेली प्रत मी कधी बदलली नाही. अशा माणसाच्या बोटांना अपघाताने शहाणपण सुचले, असे जगाला सांगायचे, आणि वर त्याला गोड म्हणायचे, हा अपमान आहे. त्याचे उत्तर मी लिहूनच देणार.

हा क्रम मला सापडला तो हंगाम मला आठवतो तो आधी पायातून. पेरलेल्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरलो आणि मांडीचे हाड मोडले. सळई बसवून मला पुढल्या खोलीत, खिडकीशी आणून टाकले. खिडकीतून रस्ता दिसे, रस्त्यापलीकडे परक्यांच्या तुरी, आणि तुरींच्या पलीकडे आमच्या कपाशीचा फक्त एक कोपरा. ज्याने आयुष्यभर शेत चालून पाहिले त्याला ते कोपऱ्याएवढे उरावे, ही शिक्षा होती. त्या दिवसांत मी दूरदर्शन संचावरच्या प्रत्येक माणसाशी भांडत असे. एके दुपारी सुषमाने तो संच बंद केला. ती घरीच शिकवणीचे वर्ग घेते आणि हा खेळ कॉलेजात असल्यापासून खेळते. आपल्या दोन संगणकांपैकी जुना तिने माझ्या पलंगाशी ओढला.

"मामाजी, टीव्हीवाल्यायशी भांडून भांडून घसा बसून राह्यला तुमचा," ती म्हणाली. "इथं भांडा. इथं समोरचा मरते तरी."

पहिले काही दिवस मीच मरत होतो. मग हळूहळू त्या जगाची चव लागली. जमिनीखालच्या दालनांतला निळा अंधार, कानांवरच्या यंत्रात थेंब पडल्याचा आवाज, आणि कुठल्याशा दारातून येणारी ती सुळेवाली जनावरे. खेळाने त्यांना भारदस्त नाव दिले आहे. आमच्या तोंडी ती डुकरेच. गोविंद राठोड हा जवळच्या तांड्यावरचा शेतकरी आमच्या टोळीत ढाल धरून पुढे जातो, दालनभर फिरून डुकरांना डिवचतो आणि सगळा कळप आपल्या मागे लावून आमच्यासमोर आणून उभा करतो. त्याला सगळे नाईक म्हणतात, तांड्याच्या प्रमुखाला म्हणतात तसे. त्याला त्याचा अभिमान आहे. "आमचे पणजोबा लादलेल्या बैलायचे कळप हाकत होते, काका," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. "मी डुकरं हाकून राह्यलो. धंदा तोच हाय." सुषमा मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरते. मंगेश बाण मारतो आणि आदेश देतो. बाणांपेक्षा आदेश अधिक.

माझ्या हाती तीन मंत्र महत्त्वाचे. ठिणगी लहान असते, चालता चालताही टाकता येते, आणि एका अंगावरून लगतच्या अंगावर उडते. बर्फाच्या वर्तुळात जो पाय ठेवील त्याची चाल मंदावते. आणि अग्निवर्षा. ती टाकली की दालनाचे छत नारिंगी होते, कानांत जिनातले सरकी काढणारे रेचे एकदम सुरू झाल्यासारखी घरघर उठते आणि आखलेल्या वर्तुळात जितके असतील तितक्या सर्वांवर सारखीच आग कोसळते. तिघे असतील तर तिघांवर, कळप असेल तर कळपावर. मात्र एकदा पडली की ती लवकर परत येत नाही. तिची कळ राखाडी होते आणि पुन्हा उजळेपर्यंत जादूगार जवळजवळ रिकाम्या हातांचा असतो.

त्या काळी सर्वांची शिकवण एकच होती. मंत्र तयार झाला की टाका. तयार मंत्र हातात धरून बसणे म्हणजे निव्वळ नुकसान. परदेशांतल्या खेळाडूंनी आकडेमोड करून हे सिद्ध केले आहे, असे मंगेश आम्हाला ऐकवीत असे, आणि ऐकवताना त्याचा आवाज निकाल वाचणाऱ्या माणसासारखा होई. मीही तेच करीत होतो. कळ उजळली की दाबायची. दारातून पहिली दोन-तीन डुकरे आली की छत नारिंगी.

आता शेताकडे येतो, कारण त्यावाचून माझे म्हणणे अपुरे राहील.

कापूस एकदम फुटत नाही. आधी धुऱ्याकडची झाडे, मग मधली, मग खालच्या अंगाची. वेचणाऱ्या बायांची टोळी एका शेतातून गेली की ती दुसऱ्याच्या शेतात जाते, तिथून तिसऱ्याच्या, आणि आपली पाळी पुन्हा यायला बरेच दिवस लागतात. म्हणून टोळीला केव्हा बोलवावे, हा आमच्याकडच्या शेतकऱ्याचा सर्वांत अवघड निर्णय. धुऱ्यावर बसून, डोळा झाडाच्या उंचीला आणून, तासातून, म्हणजे झाडांच्या दोन ओळींमधून, आरपार पाहावे लागते. वरून पाहिले तर पांढरे नेहमीच अधिक दिसते. आणि आमच्याकडची सार्वत्रिक चूक अशी की शेजारच्या शेतात कमरेला ओटी बांधलेल्या बाया दिसल्या की आपल्या शेतात पांढरे किती आहे हे पाहायच्या आधी आपण मुकादमबाईंना फोन करतो. टोळी हातची जाईल, या भीतीने.

त्या वर्षी ती चूक माझ्या घरात झाली. माझा मुलगा प्रशांत यवतमाळला नोकरी करतो. तो रविवारी आला, रस्त्यावरूनच शेत पाहून आला आणि म्हणाला, "बाबा, बाया भेटून राह्यल्या उद्याच्यासाठी. सांगून टाकतो. मंग भेटत नाईत."

"तासात बसून पाह्यलं का?" मी विचारले.

"पांढरं दिसून राह्यलं ना जी."

"कुठून दिसून राह्यलं?"

त्याने फोन काढला आणि तो अंगणात गेला. पलंगावरच्या माणसाला उत्तर द्यायचे नसते, हे घराघरांत लोक फार लवकर शिकतात. दुसऱ्या दिवशी सुषमाने रीतीप्रमाणे शेतात सीतादही केले, पहिल्या झाडांना दहीभात दाखवला, आणि वेचा सुरू झाला. संध्याकाळी मुकादम शांताबाई माझ्या खिडकीशी थांबल्या. डोक्यावरचे गाठोडे उतरवण्याइतके जड नव्हते, म्हणून त्यांनी ते उतरवलेही नाही.

"भाऊ, चालून चालून पाय गेले जी आमचे," त्या म्हणाल्या. "या झाडाले एक बोंड, तं त्या झाडाले नाईच. तुमी हिंडते-फिरते असते, तं बलावलं नसतं आमाले."

टोळी पुढच्या गावाला गेली. आणि मग शेत फुटले. माझ्या वाट्याचा तो कोपरा रोज थोडा थोडा उजळत गेला, इतका की दुपारच्या उन्हात त्याच्याकडे पाहवेना, आणि त्यात एकही माणूस नव्हता. प्रशांतने फोन केले. टोळी मोकळी नव्हती. नंतर आभाळ भरून आले, वारा सुटला, बोंडांतला कापूस लोंबला, मातीला लागला, उरला त्याची कवडी झाली. रंग गेलेली, कडक झालेली ती कवडी मी ग्रेडर म्हणून हजारो गाड्यांतून बाजूला काढली होती. माझ्या शेतातली पाहायला मला काठीवर उठून खिडकीशी उभे राहावे लागले.

त्याच आठवड्यात आम्ही खेळात एका दालनात शिरलो. पहिली तीन डुकरे आली, मी शिकवणीप्रमाणे अग्निवर्षा पाडली, तिन्ही जळाली. आणि मग दार भरून कळप आत आला. माझी कळ राखाडी होती. मी त्या राखाडी कळीकडे पाहत राहिलो, आणि मला जो राग आला तो खेळावर नव्हता. एका क्षणी मला कळून चुकले की परदेशी आकडेमोडीत खोट आहे. त्यांनी मंत्र किती वेळा पडला हे मोजले होते. पडला तेव्हा वर्तुळात किती होते, हे मोजले नव्हते. शेजाऱ्याच्या बाया पाहून फोन करणाऱ्यांचाच तो हिशेब.

पुढचे दिवस मी पडल्या पडल्या विचार केला. कळपाचे डोके आधी पोचते, शेपूट मागे रेंगाळते. सगळे जण बर्फाचे वर्तुळ गोविंदाच्या पायांशी आखत, म्हणजे सगळे पोचल्यावर. ते वाटेवर आखायला हवे. डोके बर्फात अडखळेल, शेपूट मागून येऊन त्याला भिडेल, कळप आपोआप घट्ट होईल. ठिणगी पुढच्यावर न टाकता मधल्या एकावर टाकावी, म्हणजे ती दोन्हींकडे उडेल. आणि अग्निवर्षा कळ कितीही उजळली तरी रोखून धरावी, शेवटचा पाय वर्तुळात पडेपर्यंत.

नंतरच्या खेळीत मी तसे केले. गोविंद कळप घेऊन आला. मी वाटेवर बर्फ आखला. कळ उजळलेली होती, आणि मी थांबलो. कानांत गदारोळ उठला.

"काका, काय करलालाव? टाका की," मंगेश ओरडला. उमरखेडची बोली अर्धी नांदेडकडे झुकलेली आहे आणि चिडल्यावर ती पुरती झुकते.

"काका, मले फोडून राह्यले हे," गोविंद म्हणाला. "टाका ना वो."

"मामाजी, थांबा थोडं," सुषमा म्हणाली, "माझी शक्ती संपली, भरू द्या."

शेवटचे डुक्कर दाराशी घुटमळत होते. ते आत आले. मी कळ दाबली. छत नारिंगी झाले, घरघर उठली, आणि ती थांबली तेव्हा दालनात थेंबांचा आवाज तेवढा उरला.  मग गोविंद हळूच म्हणाला, "एकबी नाई उरलं बापा."

आता आवृत्त्या पाहू. मंगेशची आवृत्ती वर दिली आहे. सुषमाची अशी की तिने थांबा म्हटले म्हणून मी थांबलो. ती हे प्रेमाने सांगते, पाहुण्यांना चहा देताना सांगते, आणि त्यामुळे तिचे खंडन करणे अवघड जाते. तरी करतो. मी तिच्या शब्दाआधी थांबलो होतो. मंगेशची ओरड तिच्या शब्दाआधीची आहे, आणि थांबलोच नसतो तर तो ओरडला कशासाठी? गोविंदाची आवृत्ती अशी की कळप त्याने इतका नेटका बांधून आणला होता की कोणी काहीही टाकले असते तरी चालले असते. नाईकपणाचा मान मी त्याला देतो, पण तसाच नेटका कळप तो त्याआधी महिनाभर आणत होता आणि आम्ही महिनाभर मरत होतो. चौथी आवृत्ती माझ्या एका निवृत्त मित्राची. तो म्हणतो, हा वयाने आलेला संयम. ही आवृत्ती मला सर्वांत अधिक चीड आणते. माझ्या अंगी संयम कधीच नव्हता, हे खरेदी केंद्रावरचा कोणताही हमाल सांगेल. थांबणे हा माझा स्वभाव नाही. तो निर्णय होता. संयमी माणूस बोंडे मातीला लागेपर्यंत थांबतो. मी पांढरे भरले की त्याच सकाळी टोळी बोलावणारा माणूस आहे.

यंदा खेळात सुगीचा मेळा पुन्हा आला आहे. वर्षातून एकदाच उघडणारी मोठी दालने, आणि त्यांत टोळ्यांची चढाओढ. मंगेशचा निरोप आला, "काका, यंदा तुमी आराम करा. जादूगार मी घेतो. रोटेशन तं आता पाठच हाय." घरातही तीच हवा. मागल्या खेपेला प्रशांत आला तेव्हा मी कपाशीबद्दल म्हणालो, अजून चार दिवस थांबा, तर त्याने सुषमाकडे पाहिले.  त्या पाहण्याचा अर्थ लावायला मला ग्रेडर असण्याची गरज नव्हती. माझे थांबणे आता विचार म्हणून कोणी मोजत नाही. म्हातारपणाच्या लक्षणांत मोजतात. थरथरता हात, उशिरा आलेला शब्द, थांबलेला निर्णय, सगळे एकाच गाडीतले, एकाच प्रतीचे.

हात थरथरतो. ते मी कधी नाकारले नाही. पण थरथरणाऱ्या हातांविषयी बोलणाऱ्यांपैकी एकालाही तो हात वापरावा लागलेला नाही, म्हणून त्यांना साधी गोष्ट ठाऊक नाही. थरथरणारे बोट उशिरा पडत नाही. ते लवकर पडते. कप बशीवर टेकायच्या आधी वाजतो. सही करताना लेखणी ठरवल्या जागेच्या आधीच कागदाला लागते. कळीवर धरलेले बोट दर श्वासाला खाली जाऊ पाहते, आणि त्याला वर ठेवायला मनगटापासून खांद्यापर्यंत सगळे बळ लावावे लागते. त्या दिवशी हाताच्या मर्जीने झाले असते, तर अग्निवर्षा पहिल्या तिघांवरच पडली असती.

हे मी सांगितले असते तर पुन्हा बदाम आले असते. म्हणून मी मंगेशला फोन केला. मेळ्याचे पहिले दालन मी खेळीन, म्हणालो, आणि माझा हात तुम्हा सर्वांना दिसेल. रविवारी दुपारी जेवणे उरकल्यावर सुषमाने व्हिडिओ कॉल लावून तिचा मोबाइल उशांच्या थप्पीवर टेकवला, त्याचा डोळा माझ्या उजव्या हातावर रोखला. प्रशांत पाणी प्यायला म्हणून आला आणि दाराशी उभा राहिला. मंगेश त्याच्या दुकानातून पाहत होता, मागे कुणाचा तरी मोबाइल वाजत होता.

"काका, बरं नसन वाटत तं सोडा," तो म्हणाला. आवाजात ते हसू अजून होते.

"मले बरं वाटून राह्यलं," मी म्हणालो. "तू पाह्य."

गोविंद आत गेला. दूरवर खुरांचा आवाज उठला आणि वाढत गेला. मी वाटेवर बर्फ आखला. पहिले डुक्कर त्यात अडखळले, मागचे त्याला भिडले. मधल्या एकावर ठिणगी टाकली. कळ उजळली. मी बोट तिच्यावर आणले आणि अधांतरी धरले.

ते थरथरत होते. पडद्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, पानासारखे थरथरत होते, नख कळीला घासून वर येत होते, पुन्हा खाली जात होते, आणि कळ दबत नव्हती. मनगटाची शीर उभी राहिली. खांद्यात कळा येऊ लागल्या. कानांत कोणी ओरडत नव्हते. मंगेशच्या मागचा मोबाइलही वाजायचा थांबला होता. दाराशी प्रशांतच्या हातातला पेला तसाच भरलेला होता.

"काका," मंगेश म्हणाला. हसू त्याच्या आवाजातून गेले होते. मग अगदी हलक्या सुरात, विनवल्यासारखा म्हणाला, "आता टाका ना, काका. पाह्यवत नाई."

"नाई," मी म्हणालो. "शेवटची दोन अजून दारात हायेत."